लोखंडाशेजारची चांदी

कोणाचाही न्याय करण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे, हे आपण सर्वच जण मान्य करतो. परंतु ऐकणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मला तो पन्नाशी उलटल्यावर पडला, आणि तोही एखाद्या ग्रंथामुळे नव्हे, तर धातू शोधणाऱ्या यंत्रामुळे, म्हणजे मेटल डिटेक्टरमुळे.

जव्हार तालुक्यातील जामसर परिसरात एका पाड्यावर माझ्या परिचयाचे एक कुटुंब राहते. भाताच्या आवणीच्या दिवसांत त्या घरच्या सुनेच्या ओल्या हातातून चांदीचे कडे निसटून खाचरात पडले. कडे तिच्या आजीचे होते. चिखल चाचपला, बांध धुंडाळले. कडे मिळाले नाही. मग नेहमी होते तेच झाले. वस्तूचा शोध थांबला आणि माणसाचा सुरू झाला. त्या दिवशी आवणीला शेजारच्या पाड्यावरचा एक तरुण होता. दोन वर्षांपूर्वी एका दुकानाच्या गल्ल्यातून पैसे घेताना तो पकडला गेला होता. लोकांना एवढा पुरावा पुरेसा वाटला.

मध्यस्थी करण्यासाठी मला बोलावण्यात आले. मी त्याला ओट्यावर शेजारी बसवले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “बाळा, खरे काय ते सांग. देव क्षमा करतो.” त्याने मान खाली घातली, काही न बोलता तो उठला आणि निघून गेला. त्याच्या मौनाचा अर्थ आम्ही आमच्या सोयीने लावला. दिवाळीनंतर त्या भागातील अनेक कुटुंबांप्रमाणे तोही वीटभट्टीवर कामाला गेला.

पुढे भात कापून झाले, खाचरे सुकली. आमच्या धर्मग्रामातील, आखातात नोकरी केलेल्या एका गृहस्थाकडे नवे कोरे मेटल डिटेक्टर होते. ते मी मागून घेतले. तबकडी जमिनीवरून फिरवावी, वाजले की खणावे, यात शिकण्यासारखे ते काय, अशी माझी समजूत होती. पहिल्या दिवशी यंत्र पावलोपावली ओरडू लागले. जव्हारचे पठार बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे. त्या दगडात आणि मातीत लोहयुक्त खनिजे असतात. म्हणून आधी यंत्राची जमिनीशी जुळवणी करावी लागते. धातू नसलेल्या जागी तबकडी वरखाली करून मातीचा स्वतःचा आवाज शांत होईपर्यंत ते जुळवायचे. ज्या भूमीवर आपण उभे आहोत ती ओळखल्याशिवाय तिच्या पोटातले काही कळत नाही, हा पहिला धडा.

मग मी परत येऊन चर्चच्या आवारात एक नाणे, एक खिळा, बाटलीचे एक झाकण आणि चांदीची एक अंगठी पुरली आणि दोन संध्याकाळी त्यांचे आवाज ओळखायला शिकलो. तबकडी जमिनीला समांतर ठेवावी, झोक्याच्या टोकाला उचलू नये, चाल संथ असावी आणि प्रत्येक फेरीने आधीच्या फेरीची निम्मी जागा पुन्हा झाकावी. तबकडीतील बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या धातूत वीजप्रवाह खेळतो आणि तो धातू स्वतःचे क्षीण क्षेत्र उलट पाठवतो. लोखंडाचे उत्तर एका तऱ्हेचे, चांदीचे दुसऱ्या तऱ्हेचे. त्यावरून यंत्र अंदाज बांधते. तो अंदाज असतो, ज्ञान नव्हे.

खाचरात परतलो, तेव्हा पाड्यावर कुजबुज सुरू झाली होती की फादर गुप्तधन शोधत आहेत. मी सर्वांना जमवून सांगितले की आपण एक कडे शोधत आहोत, आणि जमिनीत पुरलेले धन खरोखरच सापडले, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. लोक हसले आणि कामाला लागले.

या यंत्रात डिस्क्रिमिनेशन नावाची एक सोय असते. नको असलेल्या धातूचा आवाज तिने बंद करता येतो. खाचरात खिळे आणि विळ्यांचे तुकडे पुष्कळ, म्हणून मी लोखंड बंद केले आणि दोन दिवस त्या शांततेत समाधानाने फिरलो. काहीच मिळाले नाही. यंत्राच्या मालकांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “फादर, चांदी लोखंडाला चिकटून असली, तर यंत्र दोघांना मिळून लोखंडच समजते आणि गप्प बसते. सगळे आवाज चालू ठेवा. त्रास होईल, पण ऐका.”

तिसऱ्या दिवशी बांधाजवळ एक फाटका, घोगरा आवाज आला. लोखंडच ते. परंतु दुसऱ्या बाजूने तबकडी फिरवली, तेव्हा त्या घोगरेपणात क्षणभर एक स्वच्छ, उंच सूर उमटला. वीतभर खणले. मोडक्या विळ्याचे पाते निघाले, आणि त्याला टेकून कडे.

सून रडली, सासू हसली. मला मात्र तो ओटा आठवला. त्या तरुणाच्या आयुष्यात लोखंडाचा एक तुकडा होता, हे खरे. त्या तुकड्याशेजारी जे काही होते ते सारे आम्ही बंद करून टाकले होते. त्याचे उत्तर आम्ही ऐकले आणि नाकारले, असे झालेच नाही. ते आमच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

विद्वानांकडूनही हे घडते. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. शरीरात राहिलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच एक यंत्र तयार केले. गादीतील लोखंडी स्प्रिंगांनी त्यांचे ऐकणे बिघडवले. शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे, अशी मुख्य डॉक्टरांची खात्री असल्याने शोधही त्याच बाजूला झाला. 19 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला सापडली.

यावर कोणी विचारील, मग मनुष्याने पूर्वानुभव विसरायचा काय? मुळीच नाही. त्या तरुणाच्या हाती गल्ल्याची किल्ली द्यावी की नाही, हे ठरवताना त्याचा पूर्वेतिहास जरूर पाहावा. ती सावधगिरी झाली. परंतु आवणीच्या दिवशी काय घडले, याचे उत्तर त्या इतिहासात नसते. उद्या काय सोपवावे आणि काल काय घडले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवणे म्हणजे अन्याय. निवड करावीच लागते; ती ऐकल्यानंतर करावी, आधी नव्हे. संत इग्नेशियस यांनी आध्यात्मिक साधनेच्या प्रारंभीच सांगून ठेवले आहे की, दुसऱ्याच्या बोलण्याचा दोष काढण्याआधी त्याचा चांगला अर्थ लावण्याची तयारी असावी. निदणाच्या दाखल्यातील धनीही चाकरांना घाईने उपटू देत नाही. त्याला गव्हाची काळजी असते. हे सारे मी सेमिनरीत शिकलो होतो, प्रवचनांतून सांगतही होतो.

एक विचार अजून अस्वस्थ करतो. कडे सापडले नसते, तरी तो तरुण निर्दोषच होता. चांदी शोधणारे यंत्र आहे. ज्यांच्या निर्दोषपणाची साक्ष कोणत्याही खाचरात पुरलेली नसते, त्यांच्यासाठी शेजाऱ्यांच्या कानांखेरीज दुसरे काय आहे?

मी वीटभट्टीवर जाऊन त्याला भेटलो. कडे सापडल्याचे सांगितले, क्षमा मागितली. विटांच्या मातीने भरलेले हात पुसत तो म्हणाला, “फादर, तुम्ही तेव्हा मला विचारलं नाय. सांगितलं.”

त्याने चहा मागवला. आम्ही दोघांनी तो घेतला. त्या दिवशी मी फारसे बोललो नाही. तो बराच वेळ बोलत होता, आणि मी ऐकत होतो.