पाया न पडण्याचे दिवस

आपल्या भक्तीतल्या कितीतरी कृती डोळ्यांपाशी येऊन थांबतात. आरतीच्या ज्योतीवरून फिरवलेले तळवे डोळ्यांना लावायचे. तीर्थ घेतलं की ओला हात डोळ्यांवरून डोक्यावर न्यायचा. इंद्रायणीचं पाणीही आधी डोळ्यांना. वारकऱ्याच्या पायांना हात लावला की तेच हात पुन्हा डोळ्यांशी. मी माळकरी, त्यात निवृत्त परिचारिका. २०२३च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची साथ आली, तेव्हा माझं लक्ष या हातांवरच खिळून राहिलं.

साथ मुलांमध्ये झपाट्याने पसरली. इथल्या वारकरी शिक्षण संस्थांत मुलं दाटीवाटीने राहतात. एकाच पंच्याला चौघं तोंड पुसतात, बुक्का एकाच बोटाने ओळीतल्या सगळ्यांच्या कपाळी लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने नमुने तपासले, तेव्हा एंटेरोव्हायरस निघाला. आमच्या गल्लीतल्या एका संस्थेत मी मुलांचे डोळे पुसायला जात असे. तिथे एकाने विचारलं, "आक्का, समोरच्याच्या ठायी पांडुरंग आहे म्हणून आपण पाया पडतो ना? मग डोळे आलेत म्हणून लांब राहायचं, हा विटाळच झाला की!"

हा प्रश्न पोरकट नव्हे. चोखोबांना पंढरीच्या देवळाबाहेर राहावं लागलं. दलितांना ते दार उघडावं म्हणून साने गुरुजी १९४७ साली उपोषणाला बसले. या वाटेवरचं पोर 'लांब राहा' ऐकून दचकलं, याचा मला आनंदच झाला.

विटाळ जन्माबरोबर माणसाला चिकटवतात. तो कधी फिटत नाही आणि मानणारा स्वतःला त्यातून वगळून ठेवतो. संसर्ग बोटांना, पंच्याला, उशीच्या अभ्र्याला असतो आणि आठ-पंधरा दिवसांत सरतो. आज तुझे डोळे आले, उद्या माझे येतील, नियम दोघांना एकच. शिवाय हे पथ्य मुख्यतः आजाऱ्याने दुसऱ्यासाठी पाळायचं. समोर पांडुरंग आहे असं खरंच वाटत असेल, तर आपले चिकट हात त्याला लागू न देणं हीसुद्धा त्याची सेवाच.

मला खरी वेदना झाली ती दुसऱ्याच गोष्टीची. बघितलं की आपलेही डोळे येतात, या समजुतीने लोक त्या पोरांकडे बघत नव्हते. वाढपी मान फिरवून ताट पुढे सरकवी. नजरेतून ही साथ पसरत नाही. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, साथ अडवत नाही. ती अडवायला साबण-पाण्याने हात धुवावे लागतात; या विषाणूसाठी नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नये. पंचा चौघांत फिरतच होता, बुक्क्याचं बोटही फिरत होतं, आणि ज्याने काहीच बिघडत नाही ती नजर तेवढी आजारी पोरापासून काढून घेतली होती. मी याला अधर्म म्हणते, आणि हा शब्द मी एरवी सहसा उच्चारत नाही.

विषाणूने आलेले डोळे बहुधा आपले आपणच बरे होतात. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून चिपडं पुसावीत, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा, थंड पट्टी ठेवावी. अँटिबायोटिक थेंबांचा विषाणूवर उपयोग नाही. दाट पिवळा पू येत असेल तर जिवाणूंचा संशय, पण ते डॉक्टरांनी ठरवावं. घरात पडून असलेले स्टिरॉइडचे थेंब मनाने घालणं घातक आहे. मध, अंगावरचं दूध, काही घालू नये. डोळा फार ठणकू लागला, उजेड सोसेना, धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावं. तान्ह्या बाळाला आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यालाही थांबू देऊ नये.

त्या मुलाला मी पंढरपूरची आठवण करून दिली. तिथे पदस्पर्शाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. ज्याला दोन्ही जमत नाही तो कळसाला हात जोडून माघारी येतो, त्याची वारी कोणी अपुरी म्हणत नाही. करोनामुळे बंद झालेलं पदस्पर्शदर्शन २०२२च्या गुढीपाडव्याला पुन्हा सुरू झालं. तोवर विठोबा कुणाला परका झाला नव्हता.

मग संस्थेत ठरलं: साथ सरेपर्यंत नमस्कार दुरून, पंचा ज्याचा त्याला, बुक्का ज्याचा त्याने लावायचा. आणि वाढप्याने पोराच्या तोंडाकडे बघून विचारायचं, "माउली, अजून भाकरी देऊ?" पंचे दुसऱ्याच दिवशी वेगळे झाले. वाढप्याची मान वर यायला मात्र बराच वेळ लागला.