पंक्तिप्रपंच

आमच्या वऱ्हाडात पंगतीचे दोन नियम मोठे कडक. वाढताना पंक्तिप्रपंच करू नये. आणि शेजारच्याचे जेवण व्हायच्या आत पानावरून उठू नये. वाशिमजवळच्या या मालेगावात रोडगे नि वांग्याच्या भाजीची पंगत बसली की पोराटोरांनाही हे कोणी सांगावे लागत नाही. पण हे दोन नियमच एकमेकांच्या आड आले तर? डोळ्यांदेखत प्रपंच चालला असता माणसाने बसून राहावे की उठावे? हा प्रश्न आला की मला जॉर्ज फर्नांडिस आठवतात.

1930 साली मंगळूरच्या कॅथलिक घरात जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी धर्मगुरू होण्यासाठी बंगलोरच्या सेमिनरीत गेला. तिथे वरिष्ठ पाद्री उंच टेबलाशी बसून चांगलेचुंगले जेवत, विद्यार्थ्यांच्या पानात निराळे अन्न पडे. हे आपल्याला सोसले नाही, असे त्यांनीच पुढे सांगितले. ते उठले. 1949 साली मुंबईस आले, फुटपाथवर निजले. त्यांच्या उठण्याने दुसऱ्या कोणाचे पान रिकामे राहिले नाही. उपाशी राहिले ते स्वतःच. असे उठणे मी धर्मच मानतो.

मे 1974 चा रेल्वे संप याहून अवघड. संप सुरू होण्यापूर्वीच त्यांना अटक झाली. वीस दिवसांनी तो मागे घ्यावा लागला आणि हजारोंची भाकरी गेली. पण तेथे सारी पंगतच विचार करून उठली होती, आणि तिच्या पुढाऱ्याने आपले पान आधी पालथे घातले होते. पुढे 1977 साली ते तुरुंगातूनच मुजफ्फरपूरला निवडून येऊन केंद्रात उद्योगमंत्री झाले. आणि रेल्वेमंत्री मधु दंडवते यांनी त्या संपकऱ्यांना पुन्हा कामावर घेतले.

आता जुलै 1979 पाहा. लोकसभेत फर्नांडिसांनी मोरारजी देसाईंच्या सरकारची जोरदार वकिली केली, आणि दोनतीन दिवसांतच ते त्या सरकारातून बाहेर पडले. मित्र मधु लिमये यांनी त्यांचे मन वळवले, असे सांगतात. सरकारात दोष होते, हे मला मान्य आहे. पण ते भाषणाच्या दिवशीही होतेच. सरकार कोसळले. ज्यांनी आशेने मते दिली होती, त्या मतदारांना कोणी विचारले नव्हते. पाने त्यांची रिकामी राहिली.

एवढ्यावरून माणूस मोडीत काढावा काय? मला तसे वाटत नाही. 1998 नंतर संरक्षणमंत्री असताना याच गृहस्थांच्या दिल्लीतल्या बंगल्याला फाटक नव्हते, आणि ते पुनःपुन्हा सियाचेनला जाऊन जवानांत बसले. बर्फावरच्या वाहनांची फाईल अडवून बसलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी थेट सियाचेनच्या थंडीत धाडले. वाढप्यालाच पंगतीत बसवले म्हणा ना! सेमिनरीतला मुलगा मंत्र्याच्या खुर्चीतही जागा होता.

म्हणून मला वाटते, मत बदलणे हे पाप नव्हे आणि न बदलणे हे पुण्यही नव्हे. बदलाची किंमत कोणी मोजली, एवढेच पाहावे. मन उठ म्हणत असेल तर जरूर उठावे. मात्र त्याआधी शेजारच्या पानाकडे एकवार पाहावे.