बाळ सांगणार नाही

दीड वर्षाच्या मुलाला एका डोळ्याने दिसत नसेल, तर घरात ते कळतं का? बहुधा नाही. दुसऱ्या डोळ्याच्या भरवशावर ते धावतं, भिंतीवरची पाल बोटाने दाखवतं, फरशीवर सांडलेला चुरमुरा नेमका उचलून तोंडात घालतं. दोन डोळ्यांनी जग कसं दिसतं हेच त्याला ठाऊक नसतं, मग ते तक्रार कशाची करणार?

रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, नेमका याच वयात येतो. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो आणि बहुतेकांचं निदान पाच वर्षांच्या आत होतं. शाळेत तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतात ती तपासणी चांगलीच, पण या रोगाला गाठायला ती फार उशिरा येते.

लवकर ओळखायला लागतं ते थोडंसंच. खोलीतला दिवा मालवायचा, बाळ आईच्या मांडीवर बसलेलं. डॉक्टर हातभर अंतरावरून ऑप्थॅल्मोस्कोपचा उजेड दोन्ही डोळ्यांवर एकदम टाकतात. निरोगी पडद्यावरून तो तांबूस-नारिंगी होऊन परततो, दोन्ही बाहुल्यांत सारखाच. एका बाहुलीत तो पांढरट, फिका किंवा काळा दिसला, तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जायचं. टोचणं नाही, औषध नाही, बाळाला काही विचारणंही नाही. कडेची लहान गाठ यात निसटू शकते, म्हणून ही तपासणी एकदा करून भागत नाही. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने: लसीसाठी बाळ दवाखान्यात येतंच, तेव्हाच डोळेही पाहून घ्यावेत. आई किंवा वडिलांना लहानपणी हा आजार झाला असेल, तर मात्र जन्मापासूनच बाहुली मोठी करून नेत्रतज्ज्ञांनी नियमित तपासायला हवं.

पण पुष्कळदा हा रोग सर्वांत आधी आईला दिसतो. मंद उजेडात बाळाने मान वळवली की बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखं काही चमकतं. फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल येतो, दुसरा पांढरा. ती बोलून दाखवते आणि घरातले म्हणतात, "काही नाही गं, उजेड पडलाय." बाळ तिरळं पाहायला लागलं, तर "मोठं झालं की होईल सरळ." कधी तो खरोखरच उजेडाचा खेळ असतो; फ्लॅश पडद्यावर नस सुरू होते त्या जागी पडला, तर निरोगी डोळाही पांढरा दिसतो. जन्मजात मोतीबिंदूनेही तसा दिसतो, आणि त्यालाही वेळेवर उपचार हवेतच. काय आहे ते तपासूनच ठरतं. आईच्या त्या एका वाक्याला घरात मान मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

रोग डोळ्यापुरताच असेल तर योग्य उपचारांनी बहुतेक मुलं वाचतात. केमोथेरपी, लेझर, गाठ गोठवणं अशा उपचारांनी अनेकांचा डोळाही वाचतो. श्रीमंत देशांत १०० पैकी ९५हून अधिक मुलं जगतात. गरीब देशांत हे प्रमाण बरंच खाली येतं, त्याचं मोठं कारण उशीर. गाठ फार वाढली असेल तर डोळा काढावा लागतो, आणि इथे घर खचतं. एवढ्याशा पोरीचा डोळा काढायचा, पुढे तिचं कसं होणार? कुणी दुसरा डॉक्टर शोधतं, कुणी झाडपाला करतं, कुणी गावी परततं. तोवर रोग डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे सरकत असतो. मला या आईवडिलांना दोष देववत नाही. कृत्रिम डोळा बसवलेलं, दप्तर पाठीवर टाकून शाळेत जाणारं मूल त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. ज्या दिवशी डॉक्टर त्यांना हा निर्णय सांगतात, त्याच दिवशी असं एखादं मूल आणि त्याची आई त्यांच्या शेजारी येऊन बसली पाहिजे.