हेळसांड

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या धरणगावात घरोघरी पोथ्या बाहेर निघतात. लाल कापडात बांधलेलं श्रीगुरुचरित्र चौरंगावर येतं, सात दिवसांचा संकल्प होतो. सोवळं, हविष्यान्न, चटईवर निजणं, सगळं यथासांग सुरू होतं. मीही गेली कित्येक वर्षं हे पारायण करीत आलो आहे. यंदाच्या अंकासाठी चार शब्द लिहा, असा मंडळींचा आग्रह झाला. महाराजांच्या लीलांवर लिहायला माझ्याहून अधिकारी पुष्कळ आहेत. मी आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एका शब्दावर लिहितो. तो शब्द म्हणजे ‘हेळसांड’. त्याचा अर्थ मला माझ्याच घरात कळला, आणि कळला तो उशिरा.

गोष्ट जुनी आहे. आई तेव्हा खाटेवर होती. अंगणात पाय घसरून पडल्यापासून तिला आपलं आपण उठवत नव्हतं. मी देवघरात पारायणाला बसलो होतो, तिसरा दिवस होता. नळाला पाणी आलं होतं. आपल्याकडे पाणी आलं की घरातलं बाकी सगळं थांबतं, हे तुम्हाला सांगायला नको. सौभाग्यवती बाहेर हंडे-पिंपं भरत होती. तेवढ्यात माजघरातून आईची हाक आली, “भाऊ, थोडं पानी दे रे.”

हाक मला ऐकू आली. ऐकू आली नाही असं म्हणून सुटता येणार नाही. मी पोथीवरची नजर न काढता डावा हात वर केला, ‘थांब’ म्हणून. खाटेवरून तिला तो हात दिसणारच नव्हता, हेही माझ्या ध्यानात आलं नाही. अध्याय संपला. वाचनाला लय लागली होती, म्हणून लगेच पुढचा घेतला. उठलो तेव्हा बराच वेळ गेला होता. माजघरात तांब्या आडवा पडलेला, पाणी उंबऱ्यापर्यंत गेलेलं, आणि आईचं लुगडं एका बाजूने भिजलेलं. तिने स्वतःच हात लांबवून पाहिला होता. मला बघून म्हणाली, “वाचन व्हयनं का भाऊ? मी हाक मारी, तुनं ध्यान मोडी गयं व्हई.”

म्हणजे तहानेली ती, आणि दिलगिरीही तिचीच. ती आणखी काही बोलली नाही, पुढेही कधी बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तो आडवा पडलेला तांब्या मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

याच पारायणात दोन दिवस आधी मी दुसरा अध्याय वाचला होता. तुम्हा सर्वांना तो पाठ असेल. गोदातीरीचे वेदधर्म ऋषी आपलं उरलेलं कर्म भोगून संपवायला काशीला निघतात. एकवीस वर्षं व्याधी भोगायची आहे, माझी सेवा कोण करील, असं शिष्यांना विचारतात. एकटा दीपक पुढे होतो. काशीत गुरूंना कुष्ठ होतं, डोळे जातात, पाय जातात. वर ते दीपकालाच टोचून बोलतात, आणलेल्या भिक्षेला नावं ठेवतात. तरी त्याची सेवा चुकत नाही. काशीत राहून तो विश्वेश्वराच्या दर्शनालासुद्धा जात नाही. शेवटी विश्वेश्वर स्वतः वर द्यायला त्याच्याकडे येतात. हे वाचताना माझा कंठ दाटून आला होता. आणि दोनच दिवसांनी माझ्या घरातली रोगी पाण्यावाचून राहिली. मग ती कथा मी वाचली, असं म्हणायचं का?

आता शब्दाकडे वळू. ‘हेळणे’ हे आपलं जुनं क्रियापद आहे, अर्थ कमी लेखणे. ‘सांडणे’ म्हणजे हातून ओघळून जाऊ देणे, टाकणे. या दोन पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. आधी मनात कमी लेखलं जातं, मग हातून सांडतं. मी आईचा तिरस्कार करत नव्हतो, तिच्यावर माझा फार जीव होता. पण त्या घटकेला माझ्या मनाने पोथी वर ठेवली आणि आई खाली ठेवली. हेळणं तिथेच झालं. पाणी मागाहून सांडलं.

याच गोत्रातले आणखी शब्द आहेत. दुर्लक्ष हे नजरेचं असतं. हयगय कामात होते. आबाळ म्हणताना आपण ज्याला सोसावं लागलं त्याच्या बाजूने बोलतो. हेळसांड मात्र जे आपल्या हाती सोपवलेलं असतं, त्याचीच होते. वाटेवरच्या अनोळखी माणसाची मी हेळसांड केली, असं कोणी म्हणत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांची, लेकरांची, गुराढोरांची, आपल्या तब्येतीची, दारातल्या औदुंबराची होते. महाराजांनी विश्वासाने ज्यांना आपल्या ओटीत घातलं, त्यांच्यासाठीच हा शब्द आहे.

आणि हा शब्द आपण बोलतो कसा, तेही पाहा. “मी हेळसांड केली” असं वाक्य तुम्ही कधी ऐकलंत? मी तरी क्वचितच. आपण म्हणतो, “हेळसांड झाली”, “लक्ष राहिलं नाही”, “राहूनच गेलं”. जणू काही ते आपोआप घडलं. करणारा वाक्यातून अलगद निघून जातो. मीही पुष्कळ वर्षं “त्या दिवशी आईची जरा हेळसांड झाली” असंच सांगत होतो. आज या अंकात लिहितो, मी आईची हेळसांड केली. एवढं लिहायला मला एवढी वर्षं लागली.

इथे कोणी जाणता भक्त विचारील की आपलं दैवत तर अवधूत. घरदार, नातीगोती यांपासून अलिप्त राहायला शिकवणारं. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत कपोत आहे. पिलांच्या मायेत गुंतला आणि जाळ्यात सापडला. मग घरच्यांत इतकं लक्ष का घालायचं?

प्रश्न बरोबर आहे. पण त्या चोवीसांत पहिला गुरू पृथ्वी आहे. तिच्यापासून क्षमा शिकायची, आणि तिच्यावरच्या पर्वतांपासून, वृक्षांपासून दुसऱ्यासाठी जगणं शिकायचं. कपोत आसक्ती सोडायला सांगतो, सेवा सोडायला सांगत नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत मन प्रसन्न राहावं म्हणून चार भाव सांगितले आहेत. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता, आणि अपुण्याविषयी उपेक्षा. उपेक्षा हा गुणसुद्धा आहे, पण तो दुसऱ्याच्या वाईट वागण्याच्या खात्यात आहे. तहानेल्या आईचं खातं करुणेचं. मी तिला उपेक्षेच्या खात्यात टाकलं आणि त्याला वैराग्य म्हटलं.

मग हेळसांडीच्या उलट शब्द कोणता? आपल्या भाषेत तो ‘जपणे’. आपण नाम जपतो आणि माणूसही जपतो. दोन्हींना शब्द एकच. माळ ओढताना एकही मणी सुटू नये म्हणून जे लक्ष आपण बोटांत ठेवतो, तेच लक्ष घरातल्या माणसावर ठेवलं की त्यालाही आपण जपणंच म्हणतो. त्या दिवशी मी जप केला, पण जपलं नाही.

जपण्याचं उदाहरण लांब शोधायला नको. आपल्या जळगावजवळच्या आसोद्याची लेक बहिणाबाई. अक्षरओळख नाही. शेतात, घरात काम करता करता गाणी रचायची. घरच्यांनी ‘म्हातारी आपली गुणगुणते’ म्हणून ती गाणी हेळली असती, तर त्यांतली बहुतेक जात्यापाशीच सांडून गेली असती. पण मुलगा सोपानदेव आणि घरातलाच एक भाऊ यांनी ती ऐकली आणि उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेली आणि १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने आली. आज ती साऱ्या महाराष्ट्राची आहेत. आई काहीतरी म्हणते आहे, ते ऐकण्यासारखं आहे, एवढंच त्या घराने मानलं. जपण्याची सुरुवात तिथूनच होते.

तुम्ही विचाराल, मग पारायणाचे नियम मोडायचे का? नियम जरूर पाळावेत. पण संकल्प सोडण्याआधी घरात एक फेरी मारावी. आजारी माणसाच्या हाताशी पाण्याचा तांब्या आहे का, औषधाची वेळ कोण सांभाळणार, हे पाहावं. आणि मध्येच हाक आली तर ओवी पुरी करून उठावं. पाणी द्यावं, हातपाय धुवावेत, पुन्हा बसावं. दीपकाने विश्वेश्वराचं दर्शन सोडलं म्हणून विश्वेश्वर रागावले नाहीत, ते त्याच्या दारी आले. आपल्या हातून पाच मिनिटं पोथी थांबली म्हणून महाराज कसे रागावतील?

माझ्या वयाच्या मंडळींना आणखी एक सांगतो. आता खाटेवर आपली पाळी आली आहे. दुपारी मंदिराच्या ओट्यावर बसलो की “आमची हेळसांड होते” हेच बोलणं निघतं. ते खोटं नाही. पण सप्ताहात पहाटे उठून आपल्यासाठी सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या सुनेला, “बाई, तू दोन घास खाल्लेस का?” असं आपण विचारलं का? साखरेची गोळी चुकवून वर प्रसादाचा पेढा दोनदा घेतला, ती कोणाची हेळसांड? हातातलं सांभाळायचा नेम म्हाताऱ्यालाही सुटलेला नाही.

त्या दिवसापासून पारायणाला बसण्याआधी मी एक तांब्या भरून माजघरात ठेवतो. आता तिथे खाट नाही. तरी ठेवतो. कोणाला तहान लागली तर तो घेईल, आणि नाही लागली तर संध्याकाळी ते पाणी औदुंबराच्या आळ्यात घालतो.

दत्तमहाराज आपणा सर्वांच्या हातून नाम जपवून घेवोत, माणसं जपवून घेवोत, एवढीच जयंतीच्या दिवशी त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥