दुःखाच्या दिवसांतील उपकारस्तुती



दर रविवारी मिस्सा सुरू होण्यापूर्वी मिस्सेचे हेतू वाचले जातात. त्यांत उपकारस्तुतीचे हेतू बरेच असतात. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण झालेली असतात, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते, कुणी शस्त्रक्रियेतून सुखरूप घरी आलेले असते. ऐकून आनंद होतो. पण त्याच बाकांवर अशीही माणसे बसलेली असतात, ज्यांची नोकरी गेली आहे, ज्यांच्या घरचे माणूस इस्पितळातून परत आलेच नाही. त्यांनी कशाबद्दल उपकारस्तुती करायची? थोड्या वेळाने धर्मगुरू आपल्याला परमेश्वराचे आभार मानायला सांगतात आणि ते योग्य आहे, असे उत्तर आपण एका आवाजात देतो. त्या वेळी या दुःखी माणसांनी खोटे बोलायचे का?

हा प्रश्न मला पुस्तक वाचून पडलेला नाही. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझा धाकटा भाऊ गेला. चर्चची दारे तेव्हा बंद होती. धर्मगुरू, लांब उभे राहिलेले आम्ही दोघे-तिघे आणि संरक्षक पोशाख घातलेले धर्मग्रामातील चार तरुण, एवढ्यांतच दफनविधी झाला. पुढचे काही दिवस फोन येत राहिले. एक गृहस्थ म्हणाले, "देवाचे आभार माना, फार हाल न होता गेला." एक बाई म्हणाल्या, "काही घरांतून दोन-दोन माणसे गेली. तुमचे बाकीचे तरी वाचले." दोघांच्याही मनात प्रेम होते, यात शंका नाही. पण फोन ठेवल्यावर मला राग आला आणि मग त्या रागाचीच लाज वाटली.

आज वाटते, त्या रागात थोडे तथ्य होते. दुसऱ्याचे अधिक वाईट झाले म्हणून आपण आभार मानायचे, ही कसली कृतज्ञता? संत लूकच्या शुभवर्तमानात (१८:९-१४) मंदिरात गेलेल्या परुश्याची प्रार्थना आठवा. तीही आभाराचीच प्रार्थना होती! आपण इतरांसारखे नाही, शेजारी उभ्या असलेल्या जकातदारासारखे तर नाहीच नाही, म्हणून तो देवाचे आभार मानत होता. ती उपकारस्तुती देवापर्यंत पोहोचली नाही. तेव्हा आभाराचे शब्द ओठांवर आले, की ते आपोआप पवित्र होतात असे नाही.

तसेच, दुःखी माणसाचे तोंड बंद करण्यासाठीही आभाराचा उपयोग होऊ शकतो. ईयोबाने सर्वस्व गेल्यावर प्रथम देवाचे नाव धन्य मानले, हे आपण आवडीने सांगतो. पण पुढच्याच अध्यायांत तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो, हे आपण सहसा सांगत नाही. आणि शेवटी देव कुणावर रागावतो? ईयोबावर नाही, तर त्याला शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर (४२:७). देवापुढे रडणे ही अश्रद्धा नाही.

मग संत पौल सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करायला का सांगतो (१ थेस्सल. ५:१८)? हे पत्र ज्यांना लिहिले, त्यांच्यातली काही माणसे मरण पावली होती आणि मागे राहिलेले शोकात होते. पौल त्यांना रडू नका, असे सांगत नाही. आशा नसलेल्या लोकांसारखे रडू नका, एवढेच सांगतो (४:१३). आणि या वचनात तो सर्व परिस्थितीत आभार माना म्हणतो. वाईट गोष्टीला चांगले म्हणा, असे त्याचे सांगणे नाही.

याचा खरा अर्थ आपल्याला वेदीपाशी कळतो. ख्रिस्तप्रसादाला आपण 'युखारिस्ट' म्हणतो. या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. प्रभू येशूने भाकर हाती घेऊन आभार मानले, ते कोणत्या रात्री? ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्या रात्री, असे संत पौल आवर्जून सांगतो (१ करिंथ. ११:२३-२४). यहुदाच्या विश्वासघाताबद्दल येशूने आभार मानले, असे शुभवर्तमानात कुठेही नाही. हातात भाकर होती, ती घेऊन त्याने आभार मानले, ती मोडली आणि शिष्यांना दिली. दुसऱ्या दिवशी क्रूसावरून त्याच मुखाने, देवा, तू मला का सोडलेस, असा टाहो फोडला. उपकारस्तुती आणि आक्रोश, दोन्ही त्याचेच. एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

व्हिएतनामचे आर्चबिशप फ्रान्सिस झेवियर व्हान थुआन यांना १५ ऑगस्ट १९७५ रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, अटक झाली. तेरा वर्षे ते कैदेत होते, त्यांतली नऊ वर्षे एकांतवासात. पूर्वीच्या धर्मप्रांतात आठ वर्षे केलेले काम अर्ध्यावर सोडावे लागले, या विचाराने आपल्याला झोप येत नसे, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. कैदेतून त्यांनी पोटाचे औषध पाठवा, असा निरोप धाडला. भाविकांनी तो ओळखला आणि औषधाच्या नावाखाली बाटलीतून द्राक्षारस पाठवला. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा करत. तळहात हीच वेदी, तोच प्याला. छावणीत इतर कैदी सोबत असताना सिगारेटच्या पाकिटांतील कागदाच्या छोट्या पिशव्या करून त्यांतून ख्रिस्तप्रसाद त्यांच्यापर्यंत पोहोचवला जाई. २००१ मध्ये ते कार्डिनल झाले आणि पुढच्याच वर्षी प्रभुघरी गेले. तुरुंगवास चांगला होता, असे त्यांनी म्हटले नाही. हातात जेवढे उरले होते, तेवढे त्यांनी देवापुढे उचलून धरले आणि वाटले.

आमच्या घरी रोज संध्याकाळी रोझरी होते. ती संपली की आई दिवसाच्या आभाराची प्रार्थना सांगते. कित्येक वर्षांचा तिचा तो नेम. भावाला पुरले त्या संध्याकाळी रोझरी संपली आणि आम्ही सगळे गप्प झालो. आज आई काय बोलणार? बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "देवा, माझ्या पोराला का नेलंस, मला कळत नाही. मी तुझ्यावर रागावलेय. पण ज्या चार पोरांनी त्याला उचलून नेलं, त्यांच्यासाठी तुझे आभार. त्यांच्या आयांना सुखी ठेव." एवढे बोलून ती रडू लागली आणि आम्हीही. विलगीकरणाचे दिवस संपल्यावर तिने पहिले काम काय केले असेल, तर तांदळाच्या भाकऱ्या भाजून त्या चार घरी पाठवल्या.

त्या संध्याकाळपासून मी आपल्या आभाराला एकच कसोटी लावतो. आभार मानल्यावर माझा हात उघडतो की मिटतो? परुश्याचा हात मिटलेलाच राहिला. प्रभूने आभार मानून भाकर मोडून दिली. दुःखातले आभार थोडे असतील, तीन थेंबांएवढे असतील, पण ते दुसऱ्यापर्यंत पोहोचत असतील तर खरे आहेत.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात असे वाटते. शोकात असलेल्या माणसाला "देवाचे आभार मान" असे आपण सांगू नये. त्याच्याजवळ बसावे. तो देवाशी भांडत असेल तर भांडू द्यावे. त्याच्या वतीने आभाराचा शब्द आपण मनात म्हणावा आणि त्याच्या घरचा एखादा भार उचलावा. आणि आपण स्वतः दुःखात असू, तर रविवारी त्या उत्तराच्या वेळी ओठ उघडले नाहीत म्हणून घाबरू नये. सोबतच्या बाकांवरून उठणारा आवाज आपल्याही वाट्याचे आभार मानत असतो. मी ऑक्टोबर २०२१ मध्ये चर्च उघडल्यावर कित्येक रविवार गप्प उभा होतो. तुम्ही माझ्यासाठी उत्तर देत होता. त्याबद्दल आज तुमचे आभार.

हे प्रभो, आमच्या हाती जे उरले आहे ते पाहण्याची दृष्टी आम्हांला दे, आणि ते मोडून देण्याचे बळ दे. आमेन.