उंदराचे मरण

अमरावती-अकोल्याकडे तुरीची पोती घरात आली की उंदीर येतात आणि आम्ही चिकट पुठ्ठा मांडतो. गेल्या हिवाळ्यात त्यावर अडकलेला एक उंदीर रात्रभर ओरडत होता. सकाळी आम्ही तो पुठ्ठ्यासकट नालीत फेकला. तेव्हाही तो जिवंत होता.

उंदीर मारणे गुनाह नाही. हरमच्या हद्दीतही त्याला मारण्याची मुभा हदीसमध्ये आहे. पण मुभा मारण्याची आहे, हाल करण्याची नाही. ‘सहीह मुस्लिम’मधल्या हदीसनुसार जीव घेतानाही तो चांगल्या रीतीने घ्यायचा, सुरीला धार लावायची, जनावराला त्रास कमी द्यायचा. बकरी ईदला आपण सुरीची धार आवर्जून तपासतो. मग उंदराच्या वेळी ही शिकवण कुठे जाते?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे देशी साप पाळता येत नाहीत. परदेशात साप पाळणारे काही जण मात्र खाद्याचे उंदीर आधी कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करून मारतात. हा वायू एकदम सोडला तर वेदना होतात, म्हणून हळूहळू सोडतात. सापाच्या घासासाठी एवढी काळजी!

कोणी म्हणेल, शेतातली धामण तर उंदीर जिवंतच गिळते. खरे आहे; पण धामणीला दुसरा मार्ग नाही. आपल्याला आहे. कोठीला घट्ट झाकण आहे, एका फटक्यात मारणारा चाप आहे. ज्याला निवड आहे, जाब त्यालाच द्यावा लागतो.

यंदा आम्ही पुठ्ठा आणला नाही. पण त्या एका रात्रीचा जाब अजून आमच्याकडे बाकी आहे.