निग्रह कोणाचा?

विशीतला तरुण पोलीस दलात भरती होतो, तेव्हा वर्दी एका दिवसात अंगावर चढते. अंतःकरण मात्र सावकाश घडते. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद. पण खलाचा निग्रह करणाऱ्याने आधी स्वतःच्या क्रोधाचा निग्रह करावयास नको का?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल हातांनी घट्ट धरून ठेवली व प्राण वेचले. त्यांचे धैर्य आपण स्मरतो. परंतु सहकारी डोळ्यांदेखत कोसळले असतानाही इतरांनी त्या मारेकऱ्यास जिवंत पकडले व तो न्यायासनापुढे उभा राहिला, हा धडाही तितकाच मोलाचा. हाती काठी आणि समोर असहाय आरोपी असताना जो तरुण आपला हात आवरतो, तो त्या क्षणी खरा मोठा होतो.